लांब पल्ल्याची गाडी

दादाने हो म्हटले होते, धाकट्याने नाही म्हटले होते, आणि दोघेही खोटे बोलणाऱ्यांतले नव्हते. मधलीची पंचाईत झाली होती ती इथेच. दोघांतला एक जरी थापाड्या असता तरी तिचे काम सोपे झाले असते.

प्रश्न तसा साधा होता. चष्मेवाल्याची गाडी घ्यावी की घेऊ नये? चष्मेवाला दुकान विकून लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. त्याची गाडी होती ती नेमकी त्याच बनावटीची, ज्या बनावटीच्या दोन गाड्या मधलीच्या भावांनी सात वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच राखी रंगात घेतल्या होत्या. "संध्याकाळी पाचपर्यंत तुमच्यासाठी थांबतो," चष्मेवाला म्हणाला होता. "पाचला दुसरं गिऱ्हाईक येणार आहे."

आणि मंगळवारी मधलीला कामावर रुजू व्हायचे होते. हॉस्पिटलमधली वॉर्डाची नोकरी मेट्रनच्या तोंडावर फेकून ती घरी आली, त्याला आठ महिने होऊन गेले होते. आता कुठे हे नवे काम हाताशी आले होते. डोंगरावरच्या नऊ वस्त्या, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेली माणसे बघायची, जखमा धुवायच्या, इंजेक्शने द्यायची. अर्जावरची पहिलीच अट होती, स्वतःचे चालू वाहन. गाडी दाखवली नाही तर यादीतली पुढची बाई तयारच होती. शिवाय गाडी नुसती दाखवून भागणार नव्हते. ती चढावर बंद पडली तर वर कोणीतरी इंजेक्शनची वाट बघत पडून राहणार होते. तिच्या ऐपतीत बसेल अशी गाडी त्या गावात एकच होती.

म्हणून रविवारची जेवणे आटोपल्यावर तिने दोघा भावांना अण्णांच्या ओसरीवर धरून बसवले आणि रोग्याला विचारावे तसे विचारायला सुरुवात केली.

"दादा, सात वर्षांत तुझी गाडी रस्त्यात किती वेळा बंद पडली?"

"एकदाही नाही," दादा म्हणाला. तो पाण्याचे पंप विकायचा आणि आठवड्यातले पाच दिवस गावोगाव फिरायचा. "सिस्टर, त्या गाडीत मी झोपलोय, जेवलोय, दाढी केलीय. गुणाची गाडी आहे. डोळे मिटून घे."

मधली नर्स झाली त्या दिवसापासून दादा तिला सिस्टर म्हणायचा.

"आणि तुझी रे?" तिने धाकट्याकडे वळून विचारले.

धाकटा शाळेत गणित शिकवायचा. तो बोटे मोडत बसला होता. "ताई, मोजणं सोडून दिलं मी."

"गणिताच्या मास्तरांनी मोजणं सोडलं म्हणजे बघा!" दादा हसला. "अरे, गाडी तीच. दुकान तेच. तुझी घरापासून शाळेपर्यंत जाते आणि मरते, माझी चार जिल्हे हिंडून येते. मग फरक कशात राहिला? हातात! क्लचवर पाय ठेवून बसतोस तू. लहानपणी सायकलची चेन तुझीच पडायची."

धाकट्याने आणखी एक बोट मोडले. घरात हे शंभरदा बोलून झाले होते. ब्रेकडाऊन मास्तर हे नाव त्याला दादाने पाडले, ते शाळेपर्यंत कसे पोहोचले कोणाला ठाऊक, पण मुले फळ्यावर तसे लिहायची.

त्याची बायको, धाकटी, मात्र रागाने भरलेलीच होती. ती गावातल्या दवाखान्यात औषधांचे कपाट सांभाळायची आणि सगळ्या वस्तूंवर तारखा घालायची तिला सवय होती. "भाऊजी, क्लचचं राहू द्या," ती आतून येत म्हणाली. "क्लचवर पाय ठेवला म्हणून बॅटरी जाते का? फेब्रुवारीत नवी कोरी बॅटरी घातली. जूनमध्ये मेली. त्याआधीची पाच महिन्यांत. आमच्या अंगणात काय भूत आहे?"

"बॅटरीसुद्धा सांभाळावी लागते, धाकटे."

"मग तुम्ही कशी सांभाळता ते सांगा ना. पूजा करता का?"

"भांडू नका गं," आई आतून म्हणाली. "अण्णा झोपलेत."

अण्णा झोपले नव्हते. ते अंगणात दोन्ही गाड्यांच्या मध्ये स्टूल टाकून बसले होते आणि एका कापडाने पान्हा पुसत होते. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढलेला माणूस. मुलांच्या गाड्या कधी परक्या गॅरेजला जाऊ दिल्या नव्हत्या. दर रविवारी दोघे मुलगे जेवायला यायचे, किल्ल्या खुंटीला अडकवायचे, आणि आत गप्पा रंगल्या की अण्णा बाहेर आपले काम करायचे. संध्याकाळी हात धुऊन म्हणायचे, "झालं. न्या."

मधलीच्या डोक्यात नुसता कालवा झाला होता. दादाचे ऐकावे तर गाडी सोन्याची. धाकट्याचे ऐकावे तर लोढणे. हाताचा फरक म्हणावा, तर हाच धाकटा लहानपणी घड्याळे उघडून पुन्हा जोडायचा आणि दादाने घरातला रेडिओ आपटून फोडला होता. तिला वाटले, माणसांच्या तोंडून काही कळणार नाही. वॉर्डातसुद्धा ती नातेवाइकांचे ऐकून घ्यायची आणि मग पांघरूण बाजूला करून स्वतः बघायची.

"चला," ती उठली. "दोन्हींची बॉनेटं उघडा. मला आत बघायचंय."

"तुला काय कळणार त्यातलं?" दादा म्हणाला.

"नाही कळलं तर नाही. शेजारी शेजारी ठेवून तर बघू."

दादाची गाडी सपाटीवर उभी होती. धाकट्याची फाटकाकडे तोंड करून उतारावर; तो कुठेही गेला तरी उतार शोधूनच गाडी लावायचा. दोन्ही बॉनेटे उघडली गेली. मधली आलटून पालटून बघत राहिली. नळ्या, वायरी, काळे डबे. एकीत जे होते तेच दुसरीत होते. ती आणखीच गोंधळली.

धाकटी मात्र दादाच्या गाडीपाशी वाकली ती वाकूनच राहिली.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

बॅटरीच्या बाजूला गुलाबी रंगाने बारीक अक्षरात तारीख घातलेली होती. अकरा फेब्रुवारी.

"ही माझी नेलपॉलिश आहे," धाकटी म्हणाली. "हे माझं अक्षर आहे. ही आमची बॅटरी आहे."

"काहीतरीच," दादा म्हणाला आणि त्यानेही वाकून पाहिले. मग सरळ झाला. मग पुन्हा वाकला.

धाकटा आपल्या गाडीकडे गेला, आतली बॅटरी बोटाने पुसली. तिच्यावर कसलीच तारीख नव्हती. "मग ही कोणाची?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. वर्गात मुलाने भलतेच उत्तर आणले की तो जसा विचारायचा तसे त्याने विचारले.

"दादाची," अण्णा स्टुलावरून म्हणाले. "जुनी. बदलली मी."

"बदलली म्हणजे?"

"म्हणजे बदलली. त्याची उतरायला लागली होती. त्याला सोमवारी घाटापलीकडे जायचं होतं. तुझी ताजी होती. तुला कुठं जायचंय, शाळेपर्यंत तर जायचंय." अण्णांनी पान्हा उजेडात धरून पाहिला. "लांब पल्ल्याच्या गाडीला आधी. डेपोत असंच असतं."

"अण्णा," मधली त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "एकदाच केलंत ना हे?"

अण्णा आठवू लागले. त्यांना लपवायचे काहीच नव्हते, ते खरोखर आठवत होते. "बॅटरी तीनदा. सेल्फ-स्टार्टर एकदा. पेट्रोलचा पंप दोनदा. रेडिएटर... रेडिएटर त्या मोठ्या उन्हाळ्यात. बेल्ट कितीदा ते नाही सांगता यायचं. अगं, एका शेडमध्ये दोन गाड्या असल्या की त्या शेडच्या असतात. चांगला भाग लांबच्या गाडीला, चालण्याजोगा गावातल्या गाडीला. एकतीस वर्षांत माझी लांब पल्ल्याची एक गाडी वाटेत पडली नाही."

ते हे अभिमानाने बोलत होते. आपल्याकडे सगळे असे का बघताहेत, हे त्यांना उमगत नव्हते.

"आई, तुला माहीत होतं?" मधलीने विचारले.

आई दारात उभी होती. "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "उघड्यावर तर करायचे. लपून थोडंच?"

"सात वर्षं!" धाकटीचा बांध फुटला. "सात वर्षं ह्यांना नावं ठेवली सगळ्यांनी! हेडमास्तरांची जागा ह्यांच्या हक्काची होती. तपासणीच्या दिवशी पुलावर गाडी बंद पडून दीड तास उशीर झाला, म्हणून गेली ती! कोणाचा पंप होता तो, अण्णा? कोणाचा?"

"आवाज कमी कर," धाकटा म्हणाला.

"आणि भाऊजी, तुम्हाला कधीच काही कळलं नाही? शनिवारी गाडी खोकत यायची आणि सोमवारी नव्यासारखी पळायची, तरी विचारावंसं वाटलं नाही?"

दादा ओशाळला होता. मोठा, अंगापिंडाने भरलेला माणूस, पण तिथे तो उभ्या उभ्या लहान दिसू लागला. "चालत होती," तो म्हणाला. "चालणाऱ्या गाडीला कोण विचारतं, का चालतेस म्हणून? मला वाटायचं अण्णांचा हात लागला की बरी होते." मग एकाएकी त्याने अण्णांच्या हातातला पान्हा घेतला. "आत्ताच्या आत्ता काढतो. मास्तर, तुझी तुला घे. चल."

तो बॉनेटमध्ये वाकला. एक नट त्याने सैल केला.

"आज काढू नकोस," अण्णा म्हणाले. "उद्या तुला समुद्राकडे जायचंय ना? दोनशे मैल आहे. त्या जुनीवर नाही जाता यायचं."

दादाचा हात थांबला. तो तसाच वाकलेला राहिला. मधलीला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून तिला कळत होते की तो रस्ता मोजतो आहे. थोड्या वेळाने त्याने तो नट पुन्हा घट्ट केला.

"बुधवारी आल्यावर बघू," तो म्हणाला. "नवीनच आणून देतो तुला. भारीतली."

धाकट्याने मान हलवली, नको अशी की बरं अशी, ते कळण्यासारखे नव्हते. तो जाऊन आपल्या गाडीत बसला आणि त्याने दार लावून घेतले.

धाकटी रडत आत गेली, आई तिच्यामागे. दादा अण्णांना काहीतरी समजावू लागला आणि अण्णा त्यालाच समजावू लागले. मधली अंगणाच्या मध्ये उभी होती. साडेतीन वाजून गेले होते आणि ती सकाळी होती त्याहून मागे गेली होती. सकाळी निदान एक चांगली गाडी होती आणि एक वाईट. आता तेवढेही राहिले नव्हते. अण्णांनी दोन गाड्यांतून एक गुणी गाडी घडवली होती आणि उरलेसुरले धाकट्याला दिले होते. मग ह्या बनावटीची गाडी एकटी, कोणाचे काही न घेता न देता, कशी चालते? ते दादाला ठाऊक नव्हते, धाकट्यालाही नव्हते. सात वर्षांत ते कोणी पाहिलेच नव्हते.

ती धाकट्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"ताई, तुला एक सांगू?" तो समोर बघत म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी मी शहरात ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं. कोणाला सांगितलं नाही. सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं, त्यांच्यात मी. क्लचवरचा पाय सुटावा म्हणून. मास्तरीणबाई म्हणाली, काका, तुम्हाला चांगली येते की, पैसे कशाला घालवता?"

मधलीला हसू यावे की रडू, ते ठरेना. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तुला कळलं ना, दोष तुझा नव्हता?"

"काय कळलं? मला काहीच कळत नाहीये. अण्णांवर रागवायला जातो, तर त्यांच्या मनात वाईट काही नाही. दादावर रागवावं, तर तो बिचारा बॅटरी काढायला निघाला होता. आणि काढली नाही. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत." त्याने हँडब्रेकवर हात ठेवला. "तू काय ठरवलंस?"

"तू माझ्याबरोबर चल चष्मेवाल्याकडे. गाडी तू बघ."

"मी? दादाला ने. अण्णांना ने."

"अण्णा मला लांब पल्ल्याची म्हणतील आणि तुझ्यातलं आणखी काहीतरी काढून माझ्यात घालतील. आणि दादाला काय विचारू? त्याची गाडी कधी बंदच पडली नाही. त्याला तिच्याबद्दल काय माहीत असणार?"

धाकट्याने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली. मग त्याने हँडब्रेक सोडला. गाडी उतारावरून आपोआप घरंगळली, फाटकाशी त्याने गिअर टाकला, एक हिसका बसला आणि इंजिन सुरू झाले. मागून दादा ओरडत होता, "अरे, मी येतो! सिस्टर, मला दहा मिनिटांत कळेल!" मधलीने काच वर केली.

चष्मेवाल्याची गल्ली सपाट होती, गाडी लावायला उतार कुठेच नव्हता. त्याची गाडी दुकानासमोर धुऊनपुसून उभी होती. धाकट्याने चाके पाहिली नाहीत, रंग पाहिला नाही, आतल्या गाद्या पाहिल्या नाहीत. त्याने सरळ बॉनेटवर तळवा ठेवला.

"तुम्ही ही आत्ताच चालू करून ठेवली होती," तो म्हणाला.

"हो, म्हणजे, तुम्ही येणार म्हणून जरा..." चष्मेवाला म्हणाला. "तयार असावी."

"आम्ही थांबतो. गार होऊ दे."

"अहो, पाचला दुसरे येणार आहेत!"

"गार होऊ दे," धाकटा म्हणाला. वर्गातला आवाज होता तो. चष्मेवाला गुमान आत गेला.

दोघे दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मधली घड्याळ बघत होती, धाकटा दर पाच मिनिटांनी उठून बॉनेटला हात लावत होता. पाचला दहा कमी असताना एक जाडसर गृहस्थ बायकोला घेऊन आला आणि गाडीभोवती फिरू लागला. त्याने चाकाला लाथ मारून पाहिली. बायको म्हणाली, रंग छान आहे. मधली पायरीवरून उठली.

"अरे," ती हळूच म्हणाली, "जाईल ही हातची."

"आता कर चालू," धाकटा म्हणाला.

ती आत बसली. किल्ली फिरवली. इंजिन घरघरले आणि थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. जाडसर गृहस्थाने बायकोकडे पाहिले. तिसऱ्या वेळेला गाडी सुरू झाली.

मधलीने खिडकीतून वर पाहिले, तर धाकटा हसत होता. आज दिवसभरात तो पहिल्यांदाच हसत होता.

"घे," तो म्हणाला.

"तीनदा किल्ली मारावी लागली, आणि घे म्हणतोस?"

"तशीच लागते ही. गार झाली की पेट्रोल मागे उतरतं, वर यायला वेळ लागतो. बंद कर. आता किल्ली अर्धी फिरव आणि थांब. मागून गुणगुण ऐकू येतेय? तो पंप. दहा मोज, मग पुरती फिरव."

मधलीने दहा मोजले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"हे दादाला ठाऊक नाही?"

"त्याच्या गाडीत हे आलं की पुढच्या रविवारी ते माझ्याकडे यायचं." तो खिडकीशी वाकला. "ताई, ही चांगली आहे की वाईट, ते मला विचारू नकोस, मला नाही सांगता यायचं. पण ही कुठे कुठे अडेल ते मी सांगतो. लांब चढावर तापेल, तेव्हा आतला हीटर पुरता उघडायचा, कितीही उकडलं तरी. पावसात डावीकडची एक वायर भिजते, ती मी आज टेपने बांधून देतो. आणि अडलीच तर फोन कर. वर्ग चालू असला तरी उचलीन."

"आणि तुझ्या वर्गाचं काय?"

"पोरांना न सांगता कळेल, फोन गाडीचा आहे ते."

मधली उतरली आणि चष्मेवाल्यापाशी जाऊन घेते म्हणाली. जाडसर गृहस्थ बायकोला घेऊन चालू लागला. त्याला बहुधा सुटल्यासारखेच वाटले असावे. कागदांवर सह्या झाल्या. किल्ली तिच्या हातात आली. आपण बरोबर केले की एका दुखावलेल्या भावाला बरे वाटावे म्हणून आयुष्यभराचे लोढणे गळ्यात बांधून घेतले, हे तिला तेव्हाही सांगता आले नसते.

"तू पुढे हो," धाकटा म्हणाला. "मी येतो मागून."

तिने दहा मोजले, गाडी सुरू केली आणि सावकाश गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वळायच्या आधी तिने आरशात पाहिले. धाकट्याची राखी गाडी दुकानासमोर होती तिथेच होती. तो आत बसलेला दिसत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली. गाडी सुरू होत नव्हती, की तो नुसताच बसला होता, हे तिला तिथून कळेना. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग मागून येणाऱ्या सायकलवाल्याला हाताने थांबवले आणि रिव्हर्स टाकला.